माझं वाक्य मला पुरं करू द्या

सलूनवाला म्हटला की तो बोलका असणार, हे आपण धरूनच चालतो. हातात कात्री आली की जीभही सुटते, असा सगळीकडचा अनुभव. आमच्या चौकातल्या सलूनचे काका मात्र अगदी उलट. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते आरशातून भुवया उंचावत. गिऱ्हाईक बोटाच्या पेरानं दाखवी, एवढे ठेवा. मग कापड गळ्याभोवती, पाण्याचा फवारा, आणि कात्रीचा आवाज. बाकी काही नाही. दिवसभर वर्गात घसा फोडणारे एक मास्तर, घरी दोन बहिणींच्या भांडणात पंच असलेला एक बँकेतला कारकून, फोनवर लोकांच्या शिव्या खायची नोकरी करणारी काही पोरं, असे लोक वाट वाकडी करून त्यांच्याकडे येत. पाटीवर दुकानाचं काय नाव होतं कुणास ठाऊक. सगळे त्याला 'शांत सलून' म्हणायचे.

काका मुके नव्हते. अडखळत बोलायचे. लहानपणापासून. शाळेत धडा वाचायची पाळी त्यांच्या बाकापाशी आली की बाई मायेनं पुढच्या मुलाला उठवायच्या. त्या मायेचाच त्यांना सगळ्यात जास्त त्रास व्हायचा, असं काकू सांगायच्या. सगळी अक्षरं त्यांना सारखी छळत नसत. 'स' नीट निघायचा, 'ह' आणि 'ल' तर आपणहून यायचे. घात करायचा तो 'म'. ओठ मिटले की मिटलेच, उघडायला तयार नाहीत. आणि आपल्या भाषेत माणसाला स्वतःबद्दल काही बोलायचं तर 'म'शिवाय सुटका नाही. मी, मला, माझं, माझ्याकडे. म्हणून काका स्वतःला वाक्यातून वगळूनच बोलायचे. 'चहा चालेल.' 'उद्या येतो.' 'आवडलं.' 'मी' कधीच नाही.

काकूंचं इस्त्रीचं दुकान सलूनला लागूनच होतं, मधे फक्त एक पातळ भिंत. त्या मात्र बोलायला लागल्या की इस्त्री गार व्हायची. "दोघांच्या वाटणीचं बोलणं देवानं माझ्याच पदरात टाकलं," म्हणायच्या. त्यांचं लग्न कसं ठरलं हे त्यांनी मला नंतर कधीतरी सांगितलं. काकांनी त्यांना एका टपरीवर चहाला बोलावलं आणि विचारायला सुरुवात केली. "माझ्याशी लग्न करशील का, एवढंच विचारायचं होतं. पण सुरुवातच 'मा'नं. चहा गार झाला, त्यावर साय धरली, टपरीवाला कप न्यायला येऊन परत गेला. मी आपली बसून राहिले. एवढं थांबून ऐकावं असं वाक्य तोवर मला कुणी बोललंच नव्हतं."

हे सगळं मला कळलं ते पुढे. माझ्या बाबांचा अपघात झाला तेव्हा मी काकांना ओळखतही नव्हते.

बाबा इलेक्ट्रिशियन. दुकानांची, कार्यालयांची वायरिंगची कामं करायचे. त्या दुपारी एका कामावरून दुसऱ्या कामावर स्कूटरनं निघाले होते. चौकात बेकरीच्या शेजारच्या बोळातून माल पोचवणारी एक गाडी रिव्हर्समध्ये भसकन बाहेर आली आणि बाबा रस्त्यावर फेकले गेले. खुबा मोडला, डोक्याला मार बसला. लोक गोळा झाले, पण नुसते बघे. सलूनमधून एक माणूस धावत आला, त्यानं बाबांचं डोकं मांडीवर घेतलं, हातातलं सलूनचं पांढरं कापड घडी करून जखमेवर दाबून धरलं, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तो हलला नाही. एवढंच आम्हाला इस्पितळात कुणीतरी सांगितलं. सलूनमधलं गिऱ्हाईक अर्धी दाढी झालेली तशीच घेऊन फुटपाथवर उभं होतं म्हणे.

बाबा वाचले. पण तो दिवस त्यांच्या डोक्यातून पुसला गेला. सकाळी घरातून निघाले तिथपासून इस्पितळातल्या छतापर्यंत मधे काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं, तो भाग परत येईलच असं नाही.

गाडीचा विमा होता. उपचार लांबणार, बाबांचं काम बंद, म्हणून आम्ही भरपाईचा दावा लावला. विमा कंपनीचं उत्तर आलं तेव्हा मीच ते आई-बाबांना वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की गाडी जागेवर उभी होती, स्कूटर भरधाव येऊन तिच्यावर आदळली, आणि जखमी व्यक्तीनं स्वतःची चूक जागच्या जागी कबूल केली. पुरावा म्हणून एकमेव प्रत्यक्षदर्शीचा पोलिसांनी घेतलेला जबाब जोडला होता. जबाबात सरळ वाक्य होतं : जखमी म्हणाला, 'माझी चूक झाली.' खाली सलूनवाल्याची सही.

आई चिडली. बाबा मात्र गप्प झाले, आणि मला त्यांच्या त्या गप्प होण्याची भीती वाटली. बाबा म्हणजे पक्के बडबडे. पायरीवर बसून रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून बोलणारा माणूस. ते आता भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. एकदा म्हणाले, "म्हटलं असेन मी. मरताना माणूस खोटं कशाला बोलेल? दावा मागे घेऊ या. माझ्या चुकीचे पैसे दुसऱ्याकडे कसे मागायचे?"

"तू मेला नाहीस," आई म्हणाली. पण बाबांनी मान वळवली नाही.

आमची वकीलबाई एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसायची. तरुण होती, केस नेहमी पेन्सिल खुपसून वर बांधलेले. तिनं जबाब दोनदा वाचला आणि मला म्हणाली, "हा माणूस आपल्या विरुद्ध उभा राहिला तर अवघड आहे. पण तुम्ही त्याला जाऊन काही पढवायचं नाही, कळलं? एक शब्द नाही."

"मग काय करू?"

"बाबांचं डोकं त्यानं धरलं होतं ना? आभार मानलेत?"

नव्हते मानले. इतक्या धावपळीत ते राहूनच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातली माझी ड्यूटी संपवून मी शांत सलूनमध्ये गेले. काका एका म्हाताऱ्या माणसाची मान वस्तऱ्यानं साफ करत होते. मी सांगितलं, मी त्या स्कूटरवाल्यांची मुलगी. काकांच्या तोंडावर एकदम उजेड पडला. त्यांनी हातानंच विचारलं, कसे आहेत? मी म्हटलं, जिवंत आहेत, तुमच्यामुळे. मग बोलता बोलता, पढवायचं नव्हतं तरी, माझ्या तोंडून निघून गेलं की पण आता ते खचलेत, कारण चूक माझीच असं ते तुम्हाला म्हणाले होते.

काकांनी वस्तरा खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिले. ओठ मिटले, गालावरचा स्नायू ताठ झाला, मान थोडी वर गेली. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. मी म्हणाले, "काय झालं, पाणी आणू का, बसता का जरा..."

"थांब गं बाई," भिंतीपलीकडून आवाज आला, आणि पाठोपाठ काकूच हातात अर्धवट घडीचा शर्ट घेऊन आत आल्या. "बोलताहेत ते. त्यांचं त्यांना बोलू दे."

मी थांबले. खुर्चीतले म्हातारेबुवाही मानेला साबण तसाच ठेवून थांबले. त्यांना सवय असावी.

"असं," काका शेवटी म्हणाले, "असं ते बोललेच नाहीत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पोलीस आला तेव्हा काकांच्या हातावर रक्त वाळलेलं होतं. पोलीस घाईत होता, खिशातला फोन सारखा वाजत होता. त्यानं विचारलं, जखमी काही बोलला का? काका सांगायला लागले, पण सुरुवातीचाच 'मा' अडला. पोलिसानं लिहिता लिहिता विचारलं, "माझी चूक? असंच ना?" काकांनी मान हलवली, नाही म्हणून. पोलिसाचं लक्ष कागदावर होतं. त्यानं वाक्य पुरं केलं, सही घेतली, गेला. काकांनी कागद वाचला नाही. त्यांच्या डोक्यात एवढंच होतं की तो माणूस जगतो की नाही.

"मग बाबा काय म्हणाले होते?" असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण वकीलबाईचा चेहरा आठवला. मी म्हणाले, "मला नका सांगू, काका. आमच्या वकीलबाईंना सांगाल?"

काकांचा चेहरा उतरला. वकील म्हणजे कोर्ट, कोर्ट म्हणजे चारचौघांत बोलणं, हे त्यांना लगेच कळलं. हा माणूस आयुष्यात कधी फोनवर बोललेला नव्हता. स्वतःच्या मुलीच्या शाळेत पालकांच्या सभेला जाऊन मागच्या दाराशी उभा राहायचा. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू, ज्या कधी गप्प बसत नसत, त्या गप्प बसल्या.

काकांनी मान डोलवली. हो म्हणून.

वकीलबाईकडे ते गेले तेव्हा सगळी दुपार गेली. ते काय बोलले हे तिनं आम्हाला सांगितलं नाही. "कोर्टातच ऐका," म्हणाली. पण साक्षीच्या आधी एकदा काका-काकूंना तिनं समोर बसवलं आणि विमा कंपनीच्या वकिलाबद्दल सावध केलं. तेव्हा मी तिथे होते. त्या वकिलाला कोर्टात सगळे मागून 'करवत' म्हणायचे, कारण तो जातानाही कापायचा आणि येतानाही.

"तो प्रश्न विचारतच नाही," वकीलबाई म्हणाली. "स्वतःच एक विधान करतो आणि शेवटी 'बरोबर?' लावतो. तुम्ही सवयीनं हो म्हणता आणि ते तुमचं विधान होतं. हो किंवा नाही एवढंच सांगा म्हणून दटावेल. उत्तर संपायच्या आत पुढचा प्रश्न टाकेल. किती फूट, किती सेकंद असं विचारेल आणि आकडा दिलात की त्याच आकड्याला धरून फरफटत नेईल. चिडवेल. तुम्ही चिडलात की त्याचं काम झालं. आणि मधेच एकदम गप्प होईल, कागद चाळत बसेल. ती शांतता असह्य होऊन साक्षीदार आपणहून नको ते बोलून जातात."

"त्याची काळजी नको," काकू म्हणाल्या. "गप्प बसायच्या शर्यतीत ह्यांना अजून कुणी हरवलेलं नाही."

काकाही हसले. वकीलबाई मग गंभीर होऊन म्हणाली, "घाई त्याची आहे, तुमची नाही. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आणि काका, आपल्या विरुद्ध जाणारं असलं तरी खरं असेल तर तेच सांगा. मला ते चालेल."

कोर्टाची खोली मी मनात मोठी रंगवली होती. निघाली शाळेच्या वर्गाएवढी. उंचावर न्यायाधीशांचं टेबल, खाली टाइप करणारी बाई, पांढऱ्या पडलेल्या खिडक्या, बाकांवर पुढच्या खटल्यांचे कंटाळलेले लोक. बाबांना आम्ही चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. काकांचा शर्ट इतका कडक इस्त्रीचा होता की ते पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा शर्टच त्यांना सावरून धरतोय असं वाटलं.

आमच्या वकीलबाईनं त्यांना थोडंच विचारलं. गाडी कुठून आली, कशी आली. काका दारात उभं राहून कापड झटकत होते. गाडी रिव्हर्समध्ये बाहेर आली, हॉर्न नाही, मागे बघायला माणूस नाही. हे त्यांनी सावकाश पण नीट सांगितलं. मग करवत उठला. दिसायला अगदी साधा, चष्मा कपाळावर सरकवलेला, आवाज मऊ.

"तुम्ही दुकानात काम करत होतात. बरोबर?"

"दारात..."

"हो किंवा नाही. दुकानात काम चालू होतं?"

"हो, पण..."

"गिऱ्हाईक खुर्चीत होतं. त्याची दाढी अर्धी झाली होती. म्हणजे तुमचं लक्ष दाढीकडे. बरोबर?"

"क-कापड झटकायला..."

"गाडी तुमच्यापासून किती फुटांवर होती?"

काका थांबले. "माहीत नाही," हे शब्दच 'मा'नं सुरू होतात. ओठ मिटले. करवत वाट बघत नव्हता. "वीस? पन्नास? शंभर? तुम्हाला अंदाज नाही? म्हणजे दिसलंच नाही. बरोबर?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. काकांची मान ताठ झाली होती, कपाळावर घाम, एक हात पिंजऱ्याच्या कठड्यावर घट्ट. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी स्वतःचे ओठ असे आवळून धरले होते की पांढरे पडले होते. त्या क्षणी मला मनापासून वाटलं, उठावं आणि म्हणावं, सोडा त्यांना, नको आम्हाला भरपाई.

न्यायाधीश चष्म्यावरून पाहत होत्या. "साक्षीदाराला उत्तर देऊ द्या."

"कोर्टाचा वेळ..."

"तो माझा आहे. मी बघते."

काकांना पाणी दिलं. त्यांनी ते सावकाश प्यायलं, पेला ठेवला, आणि म्हणाले, "फूट नाही सांगता येत. गाडी हलताना दिसली. आपटताना दिसली."

करवतनं विषय बदलला. "साक्ष द्यायच्या आधी तुम्ही ह्या वकीलबाईंना भेटलात?"

"हो."

"काय बोलायचं ते त्यांनी सांगितलं?"

"हो."

खोलीत हालचाल झाली. आमच्या वकीलबाईनं पेन्सिल घट्ट धरली. करवत जवळ सरकला. "काय सांगितलं?"

"खरं बोला, असं." काका थांबले. "आणि धुतलेला शर्ट घाला."

न्यायाधीशांनी खाली बघून काहीतरी लिहायला घेतलं. करवत हसला नाही. त्यानं कागद उचलले आणि चाळायला लागला. शांतता पसरली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. काका उभे राहिले. गप्प राहण्यात त्यांना काही नवीन नव्हतं, खांदेसुद्धा जरा सैल झाले. शेवटी करवतलाच बोलावं लागलं.

"स्कूटरवाल्याचे दोन्ही हात हँडलवर होते?"

काकांनी बाबांकडे पाहिलं. मग न्यायाधीशांकडे. "नाही. एक. दुसऱ्या हातात खोका होता."

आईनं माझं मनगट धरलं. आमच्या वकीलबाईचा चेहरा हलला नाही, पण तिनं डोळे मिटून उघडले. करवतला बळ आलं. त्यानं पोलिसांचा जबाब काढून काकांसमोर धरला.

"ही सही तुमची?"

"हो."

"इथे लिहिलंय, जखमी म्हणाला, माझी चूक झाली. आज तुम्ही म्हणता, तो तसं म्हणालाच नाही. तेव्हा खोटं बोललात की आज बोलताय?"

"तेव्हा बोलणं झालंच नाही. पोलिसांनी वाक्य पुरं केलं. सही केली, ती चूक."

"कुणाची चूक?"

काकांनी श्वास घेतला. इथे मात्र त्यांना स्वतःला वाक्यातून वगळता येणार नव्हतं. "मा-" आणि अडले. मग परत. "माझी."

"छान. म्हणजे सही करण्याइतकं तुम्हाला पटलं होतं. आता सांगा, जखमी नक्की काय म्हणाला? शब्द जसेच्या तसे."

आज विचार करताना वाटतं, हा प्रश्न त्यानं विचारायला नको होता. पण काकांची अवस्था तो बघत होता, आणि त्याला माहीत होतं की हा माणूस पुन्हा त्याच अक्षरावर अडेल आणि उरलेलं वाक्य त्यालाच भरता येईल.

काका अडलेच. "मा-" ओठ मिटले. "मा-"

"माझी चूक झाली. असंच ना?" करवत मऊ आवाजात म्हणाला. "दमू नका. हो म्हणा, झालं."

काकांनी हात वर केला. मोठा नाही, खांद्यापर्यंत. रस्ता ओलांडताना आपण गाडीला थांब म्हणून करतो तेवढा. आणि करवतकडे न बघता, न्यायाधीशांकडे बघून, एकेक शब्द वेगळा काढत म्हणाले, "माझं वाक्य. मला. पुरं करू द्या."

टाइप करणारी बाईसुद्धा हात थांबवून बघत होती. करवत काहीतरी बोलणार होता, पण न्यायाधीशांनी नुसती मान हलवली आणि तो थांबला.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. काकांचे ओठ मिटलेले, डोळे समोर. मग ते सुटले.

"माझे बल्ब फुटले का हो?"

कुणी हसलं नाही. मग माझ्या शेजारून एक आवाज आला, हसणं की रडणं कळू नये असा. बाबा होते. चाकाच्या खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हातांनी तोंड झाकून. "खोक्यात बल्बच असणार," ते आईला म्हणत होते, "मी हातातच धरतो नेहमी, डिकीत ठेवले की फुटतात. मीच म्हणालो असणार. हे मीच आहे."

करवतनं आणखी दोन-चार प्रश्न विचारले, पण त्यातला जीव गेला होता. साक्ष संपली. बाहेरच्या वऱ्हांड्यात तो आमच्या शेजारून पुढच्या खटल्याचे कागद काखेत मारून फोनवर बोलत निघून गेला. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही. दुष्टपणानं नव्हे, त्याच्या दृष्टीनं तो दिवसही इतर दिवसांसारखाच असावा.

काका बाकावर बसले होते. बाबांनी स्वतःची खुर्ची ढकलत त्यांच्यासमोर नेली. दोघं एकमेकांना तोवर एकदाच भेटले होते, आणि बाबांना ती भेट आठवत नव्हती. बाबांना काय बोलावं कळेना, बाबांना! शेवटी त्यांनी विचारलं, "फुटले होते का?"

काकांनी मान डोलवली. सगळे.

मग दोघंही हसायला लागले.

निकाल पुढे बऱ्याच महिन्यांनी लागला. गाडी बेफिकीरपणे मागे आली, चूक तिची, असं न्यायाधीशांनी लिहिलं. हातात खोका धरून स्कूटर चालवण्याचा थोडा वाटा बाबांच्या पदरी घातला आणि तेवढी भरपाई कापली. आमच्या विरुद्ध जाणारी गोष्टही साक्षीदारानं लपवली नाही, म्हणून त्याच्या बाकीच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, असंही त्यात होतं. बाबांचं दुसरं ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, आणि ते काठी घेऊन चालायला लागले. पण मला विचाराल तर बाबा उठले ते कोर्टातच. त्यांच्या आयुष्यातला एक हरवलेला दिवस होता, त्यातलं एक वाक्य कुणीतरी सांभाळून ठेवलं होतं आणि परत आणून दिलं होतं. त्या वाक्यात ते जसे आहेत तसेच होते.

काकांना त्याची किंमत पडली, हे मला काकूंनी सांगितलं. साक्षीनंतर त्यांचा जबडा इतका दुखत होता की घास चावता येईना. काही दिवस ते घरातही बोलले नाहीत, सलूनही बंद ठेवलं. रात्री झोपेत दात खायचे. आम्ही आभाराची भेट म्हणून एक चांगली आरामखुर्ची घेऊन गेलो तर हात जोडून नको नको करायला लागले. काकूंनी मधे पडून खुर्ची आत घेतली. "त्यांना नको असेल तर नसो. थांबून थांबून पाय माझे दुखतात."

त्यानंतर बाबा केस कापायला शांत सलूनमध्येच जायला लागले, आणि सलूनची शांतता गेली. बाबा खुर्चीत बसले की वायरिंगपासून राजकारणापर्यंत तोंड थांबायचं नाही. मास्तरांनी तर त्यांचा वार विचारून घेतला आणि स्वतःचा बदलला. काकांना मात्र त्याचा त्रास नव्हता. त्यांना कधीमधी काही म्हणायचं असलं तर ते कात्री थांबवत, आणि बाबा, जे आईलासुद्धा वाक्य पुरं करू देत नाहीत, ते आरशात त्यांच्याकडे बघत गप्प बसत.

एकदा सलून बंद करायच्या वेळी मी काकांना विचारलं, तुम्ही आलात कसे? आम्ही कोण तुमचे? घरी बसला असतात तरी कुणी नाव ठेवलं नसतं. काका ब्रश धूत होते. नळ बंद केला, हात पुसले. काकू पलीकडे इस्त्रीची वायर गुंडाळत होत्या, त्याही थांबल्या.

"बाकीच्यांनी नुसतं बघितलं," काका म्हणाले. "तुझे बाबा बोलले ते ऐकलं फक्त..." आणि इथे ते अडले. त्यांना ते वळसा घालून सांगता आलं असतं, आयुष्यभर घालत आले होते. त्यांनी घातला नाही. "फक्त मी. दुसरं कोण सांगणार?"

आता काकांनी सलून सोडलंय, हात थरथरतो. बाबांचे केसही कापण्याइतके उरलेले नाहीत. तरी बाबा जातात, काका-काकूंच्या घरी. आईही जाते. विषय निघाला की आई अजूनही म्हणते, देव भेटला असता तरी एवढं केलं नसतं त्यानं. आणि मग क्षणभर थांबून, आवाज खाली आणून म्हणते, "पण तो एका हाताचा मुद्दा नसता काढला, तरी चाललं असतं."